बघून करायचं तरी काय?

पत्र (थोडं आटोपशीर करून)

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांचा. चिंचवडला राहतो, भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाडीच्या इंजिनात बसणारे कास्टिंगचे भाग तपासायचे, हे माझं काम. माझ्या हातून सदोष माल सहसा सुटत नाही. बढाई म्हणून नाही, साहेबलोकच तसं म्हणतात म्हणून सांगतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी आईने विचारलं, "समोरचं झाड कुणी तोडलं रे?" खिडकीतून बघितलं तर गेटाशेजारी नुसता बुंधा. मी म्हटलं, "आज सकाळीच तोडलेलं दिसतंय." आई म्हणाली, "बुधवारी तोडलं." बुधवारपासून मी त्याच गेटातून रोज जात-येत होतो आणि मला पत्ताच नाही! झाड कसलं होतं तेही सांगता येणार नाही. बायको म्हणाली, "मी केस कापले ते यांना कळायला पंधरा दिवस लागले होते." सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

आई (वडील गेल्या दिवाळीनंतर वारले, तेव्हापासून ती आमच्याकडे असते; गाव जुन्नरकडे) दिवसभर त्या खिडकीत बसलेली असते. तिला सगळं दिसतं आणि मला नाही. मी मोबाईल कमी केला. ध्यानाचं ॲप घेतलं. पहाटे पाचला श्वासावर लक्ष द्या म्हणतात, मला परत झोप लागते. मित्राबरोबर पक्षी बघायला गेलो, त्याने भराभर वीस-पंचवीस नावं घेतली, त्यातलं एकही आता आठवत नाही. देवाधर्माचं म्हणाल तर कंपनीच्या गेटाजवळ दत्ताचं लहानसं देऊळ आहे, तिथे रोज चप्पल काढून हात जोडतो. चष्मा तपासून घेतला, नंबर बरोबर आहे. मला विसरायचा आजार तर लागला नाही ना? आणि रागावणार नसाल तर एक विचारतो. बघून करायचं तरी काय? झाडं-पाखरं बघून हप्ते फिटत नाहीत.

— एक वाचक, चिंचवड

---

नमस्कार,

रागावते कशाला? त्या शेवटच्या प्रश्नासाठीच तर तुमचं पत्र निवडलं. बहुतेक लोक मला लिहितात ते "निसर्गाच्या सान्निध्यात मन कसं रमवावं" अशा छापाचं. तुम्ही सरळ हिशेब मागितलात, बरं वाटलं.

आधी आजाराचं मिटवू. तुम्ही झाड विसरला नाहीत. विसरायला ते आधी डोक्यात शिरावं लागतं, तुमच्या बाबतीत ते शिरलंच नव्हतं. ओळखीचा रस्ता चुकायला लागला, हातातली वस्तू कुठे ठेवली ते सारखं विसरायला लागलं, सांगितलेलं तासाभरात डोक्यातून जाऊ लागलं, तर डॉक्टरांकडे जा. तशी चिन्हं पत्रात तरी मला दिसली नाहीत. एक गोष्ट मात्र दिसली. वडील गेल्याचं तुम्ही कंसात टाकलंत. दिवाळीनंतर म्हणजे फार दिवस झालेले नाहीत. माणूस गेल्यावर पुष्कळांना काही महिने सगळं जग काचेपलीकडे असल्यासारखं वाटतं, चव लागत नाही, कशात जीव लागत नाही. तुमचं तसं होत असेल, झोपही सारखी उडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पत्नीशी तरी बोला. ती हसली खरी, पण पंधरा दिवसांचा हिशेब तिने ठेवला होता.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही म्हणता मला काही दिसत नाही आणि त्याच पत्रात म्हणता माझ्या हातून सदोष माल सुटत नाही. दिवसभर कास्टिंगवरचं बारीकसं ब्लो होल (ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक), कडेला राहिलेली बर (धातूची बारीक धारदार कड), केसाएवढी भेग शोधणारा माणूस आंधळा कसा असेल? तुमचं लक्ष शाबूत आहे. फक्त ते कारखान्यात खर्च होऊन जातं.

हे मी समजूत काढायला म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलात रडारच्या पडद्यावर पाणबुडीची खूण शोधत बसणारी माणसं होती. चांगली तयार, तरणीताठी पोरं, पण थोड्या वेळाने त्यांच्या नजरेतून खुणा निसटायला लागायच्या. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक घड्याळ बनवलं. काटा टक-टक करत एकसारखा पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं, बस्स. दोन तास बसवलेली माणसं पहिल्या अर्ध्या तासातच उड्या चुकवायला लागली. हे त्याने १९४८ साली छापलं आणि तुमच्या क्षेत्रात आजही इन्स्पेक्शनवरची माणसं आलटून पालटून बसवतात त्यामागे हीच गोष्ट आहे. तुम्ही आठ तास तेच घड्याळ बघून घरी येता. वर पहाटे पाचला उठून श्वासावरही लक्ष द्यायचं? झोप लागते म्हणता, लागू द्या. ते ॲप काढून टाका. ज्याला लाभतं त्याला लाभो, तुम्हाला सध्या झोपेची गरज जास्त आहे.

म्हणून सगळ्या जगाकडे लक्ष द्यायचा संकल्प करू नका. आठवडाभर टिकतो आणि मग माणूस स्वतःलाच नावं ठेवतो. एक जागा घ्या, दहा मिनिटं घ्या.

पण दहा मिनिटं नुसतं टक लावून बसलात तर काही दिसणार नाही, हेही आत्ताच सांगते. पक्षी बघायला गेलात तिथे हेच झालं. मित्राने नावं सांगितली. नाव कळलं की आपल्याला वाटतं काम झालं, आणि आपण पुढच्या फांदीकडे वळतो. आता तर फोटो काढला की फोनच नाव सांगतो, म्हणजे तेवढं थांबायचीही गरज उरली नाही. तुमच्याकडे पार्ट आला की तुम्ही त्याचं नाव बघून खाली ठेवता का? ड्रॉईंग समोर असतं. हे भोक किती मायक्रॉनला हवं, ही बाजू सरळ आहे का, इथे बर येण्यासारखी जागा आहे, तिथे बोट फिरवून बघू. हे सगळे प्रश्न तुम्ही हातात पार्ट घ्यायच्या आधीच बाळगून असता, म्हणून तुम्हाला जे दिसतं ते बाजूच्या नवशिक्या पोराला दिसत नाही. त्याचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले असतील, पण काय शोधायचं ते त्याला माहीत नसतं. झाडापाखरांपुढे तुम्ही त्या पोरासारखे उभे असता. तुमच्याजवळ प्रश्न नाही, एवढंच.

सालीम अलींची एक हकीकत सांगते. सुगरणीची घरटी आपल्याकडे कुणी पाहिलेली नाहीत? विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीला डझनांनी लोंबत असतात. लहानपणी प्रत्येकाने वाऱ्याने पडलेलं एखादं घरी आणून खिळ्याला टांगलेलं असतं. १९३० साली सालीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी बंद झालेली. हाताला काम नाही, म्हणून अलिबागजवळ किहीमला सासरच्या घरी जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. बेकार माणूस, भरपूर वेळ. पण त्यांनी तो वेळ नुसतं कौतुक करण्यात घालवला नाही. कोण विणतं, कोण बघायला येतं, किती घरट्यांत अंडी पडतात, अर्धवट लोंबणारी घरटी का सोडून दिलेली असतात, असे साधे प्रश्न घेऊन ते रोज बसले.

आणि काय निघालं! विणतो तो नर, पावसाळ्यात डोकं पिवळंधमक होतं तो. अर्धं घरटं, शिरस्त्राणासारखं, खाली नुसता एक पट्टा, एवढं विणून तो थांबतो. मग माद्या येतात आणि आत शिरून तपासतात. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, इन्स्पेक्शनच ते. पसंत नाही पडलं की माल रिजेक्ट, घरटं तसंच लोंबतं. पसंत पडलं तर मादी ताबा घेते आणि मग नर अंड्यांची खोली अन् खालची लांब नळी पुरी करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारच्या फांदीवर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांपुढे हे चाललेलं होतं. सालीम अलींनी १९३१ साली ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं आणि पक्ष्यांच्या अभ्यासकांत त्यांचं नाव झालं ते तिथपासून. दुर्बीण-बिर्बीण नंतरची गोष्ट. आधी त्यांच्याकडे चांगला प्रश्न होता आणि एका जागी बसायची तयारी होती.

तुम्हाला बेकार व्हायला सांगत नाही, घाबरू नका. तुमची जागा तुम्ही पत्रातच लिहिली आहे.

कंपनीच्या गेटाजवळ दत्ताचं देऊळ आहे म्हणता. पैज लावत नाही, पण दत्ताचं देऊळ म्हटलं की शेजारी उंबर असायचाच. तुम्ही रोज त्याच्याखाली चप्पल काढता आणि पत्रात उंबराचा उल्लेख नाही! असेलच, तर तोच घ्या. नसला तर भोसरी-चिंचवडात उंबराला तोटा नाही, नाल्याकाठी, कंपाउंडच्या भिंतीतून, कुठेही उगवलेला सापडेल.

बघायचं काय? पहिलं हे की फळं कुठे लागली आहेत. आंब्यासारखी फांदीच्या टोकाला नसतात. खोडातून, जाड फांद्यांतून सरळ घोसच्या घोस फुटलेले असतात, जणू झाडाच्या अंगावर गाठी आल्यात. मग विचारा, फळ आहे तर फूल कुठे गेलं? आपल्याकडे फार दिवसांनी भेटणाऱ्याला "काय रे, उंबराचं फूल झालास" म्हणतात, कारण ते कुणाला दिसत नाही. असतं मात्र शेकड्यांनी, त्या फळाच्या आत, आतल्या बाजूला तोंड करून. फळाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असतं, खवल्यांनी बुजलेलं. फळ कोवळं असताना त्यातून चिलटाएवढी एक माशी आत घुसते, गांधीलमाशीच्या जातकुळीतली. वाट इतकी अरुंद की शिरता शिरता तिचे पंख तुटतात. आत ती आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे तिची पिल्लं मोठी होतात. नर आपापल्या फुलातून आधी बाहेर पडतात, पण फळाच्या आतच राहतात, त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरून जातात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात आणि दुसरा उंबर शोधतात. दुसराच लागतो, कारण एका झाडावरची फळं बहुधा एकाच वेळी तयार होतात, आपल्या झाडावर कोवळं फळ उरलेलंच नसतं. हातात असतो जेमतेम एखाद-दोन दिवसांचा जीव. ही माशी नसेल तर उंबराला बी नाही, आणि उंबर नसेल तर हिला जागा नाही. लहानपणी "उंबर फोडू नये, किडे निघतात" म्हणून आपल्याला दटावलेलं असतं, ते किडे म्हणजे हेच.

इथवर पुष्कळांना ठाऊक असतं. तुमच्यासाठी खास माल पुढे आहे. उंबराच्या फळावर आणखी एका जातीच्या माश्या येतात, त्या आत शिरतच नाहीत. बाहेरून फळाच्या कडक भिंतीला भोक पाडून आतल्या पिल्लांवर डल्ला मारायला अंडी घालतात, आयत्या बिळावर नागोबा. भोक पाडायचं हत्यार म्हणजे अंडी घालायची नळी, माणसाच्या केसाहून बारीक, आणि लांबीला माशीच्या अंगाहून जास्त. एवढी बारीक सुई कच्च्या फळात घुसवायची म्हणजे ती वाकणार, टोक झिजणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नम्रता गुंडय्या आणि लक्ष्मीनाथ कुंदनाती यांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. गुंडय्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग विभागातल्या. टोकाला करवतीसारखे दाते सापडले आणि त्या दात्यांत जस्त! धातू कापायच्या टूलच्या टोकाला आपण कार्बाईडसारखा कठीण पदार्थ लावतो तसं या माशीने टोक जस्ताने कडक करून घेतलंय. जी माशी छिद्रातून सरळ आत शिरते, तिच्या नळीत जस्त नाही, तिला गरजच नाही. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. मी वाचलं तेव्हा वाटलं, हे एखाद्या टूलरूमवाल्याला सांगायला हवं. तुमच्या पत्राने ती संधी दिली.

तर उंबराखाली दहा मिनिटं. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, पण बस पकडायच्या घाईत नको. एकच घोस ठरवा आणि तोच बघा. आज फळ हिरवं, पुढच्या आठवड्यात? मुंग्या कुठल्या फळावर गोळा झाल्यात? झाल्या असतील तर का? (बोगद्यातून निघणाऱ्या माद्या टिपायला त्या दबा धरून बसतात.) पिकल्यावर खायला कोण येतं, सकाळी कोण आणि अंधार पडल्यावर कोण? एक खिशातली वही ठेवा. चेकशीट भरायची सवय तुम्हाला आहेच, तारीख टाकून दोन ओळी. नावं माहीत नसली तरी चालेल, "हिरवा, लठ्ठ, कपाळ लाल, टुक-टुक करणारा" असं लिहा. नाव नंतर कळेल आणि तेव्हा लक्षात राहील.

आता हप्त्यांकडे येऊ. बघून करायचं काय?

हप्ते फिटत नाहीत, कबूल. पण तुमचं ते गेटाशेजारचं झाड घ्या. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. परवानगी देण्याआधी नोटीस काढायची असते, वर्तमानपत्रात तर असतेच, शिवाय त्या झाडावरही चिकटवायची असते, कुणाची हरकत असेल तर नोंदवता यावी म्हणून. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात आणि त्याला आणखी संरक्षण आहे. तुमचं झाड नियमाने तोडलं असेल तर तो कागद काही दिवस त्या खोडावर होता, आणि तुमची अख्खी सोसायटी त्याच्या शेजारून गाड्या काढत होती. कागद नसेलच, तर ते तोडणं बेकायदाही असू शकतं, आणि तेही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. झाड धोकादायक झालेलं असेल, तोडणं बरोबरही असेल, मला माहीत नाही. पण ते ठरवायची वेळ आली तेव्हा बोलायला कुणीच नव्हतं. महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन परवानगी होती का, आणि बदल्यात किती झाडं कुठे लावायची ठरली, एवढं विचारून या. एका अर्ध्या रजेचं काम आहे. बघण्याचा हा एक रोखठोक उपयोग.

दुसरा तुमच्या आईला विचारा. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात आयुष्य काढलेली बाई. तिथे बिबट्या उसात राहतो, पिल्लं घालतो. संध्याकाळी कुत्र्याचा आवाज जरा वेगळा आला की पोराला अंगणातून आत घ्यायचं, वासराचं दार लावायचं, हे तिथल्या बाईला कुणी ध्यानाच्या वर्गात शिकवलेलं नसतं. तिचं लक्ष जागं असतं कारण त्यावर घरचं काहीतरी अवलंबून असतं. शहरात आपल्यावर तशी वेळ येत नाही. रस्ता, पाणी, वीज, सगळं कुणीतरी बघतंय, असं आपण धरून चालतो. मग हळूहळू माणसंही त्यातच जमा होतात. आई आहे, खिडकीत आहे, ठीक आहे.

आणि इथे मला तुम्हाला थोडं बोलायचंय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. झाड दिसलं नाही याचं तुम्हाला फार लागलंय. पण आईने ते बुधवारी पाहिलं आणि विचारलं रविवारी. मधले दिवस ती गप्प का होती? करवत चालली तेव्हा ती एकटीच खिडकीत असणार. नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, गाव सुटलं, ओळखीचं माणूस समोरून जात नाही. त्या झाडावर कोण यायचं-जायचं हे तिला पाठ असेल. तिचा दिवस त्याच्यावर जात असेल. बुंध्याकडे बघत चार दिवस काढून, तुम्हाला सुट्टी मिळाली तेव्हा तिने विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "आज सकाळीच तोडलेलं दिसतंय." तिने तारीख दुरुस्त केली आणि विषय संपला. मला वाटतं तिला झाडाबद्दल बोलायचं होतं, चौकशी करायची नव्हती. मी चुकत असेन. पण हे तिला विचारून बघण्यासारखं आहे, आणि विचारताना "आई, तुला करमतं का इथे?" असं विचारू नका. त्याला "हो, करमतंय की" एवढंच उत्तर येतं, सगळ्या आयांचं येतं. झाडाचंच विचारा. कसलं होतं ते? त्यावर काय काय यायचं? तुमच्या विहिरीवर सुगरणी होत्या का, आणि घरटं नर विणतो असं कुणीतरी म्हणतंय ते खरं का? तिने काय उत्तर दिलं ते मला जरूर कळवा. माझी अटकळ अशी की ती म्हणेल, यात नवीन काय.

पत्नीच्या केसांबाबत मला काही सल्ला देता येणार नाही. ते तुमचं तुम्ही निस्तरा.

सोसायटीची मीटिंग होईल तेव्हा त्या बुंध्याच्या जागी काय लावायचं हा विषय मांडा आणि झाड आईला ठरवू द्या. पाऊस सुरू झाल्यावर लावा, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी लागेल, ते कुणी घालायचं हे मीटिंगमध्येच लिहून घ्या. नाहीतर उद्घाटनाचे फोटो राहतात आणि रोप वाळतं.

आणि उंबराचं एक फळ आईसाठी घरी आणा, तुमच्या कामावरचं भिंग असेलच, तेही आणा. पूर्ण लाल झालेलं घेऊ नका, तोवर बऱ्याच माद्या बोगद्यातून निघून गेलेल्या असतात. हिरवट आणि जरासं तांबूस व्हायला लागलेलं, दाबल्यावर किंचित मऊ लागणारं बघा. जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावा, नाहीतर कंपनीच्या बसमध्येच सगळे बाहेर येतील आणि शेजारी बसलेला माणूस मला शिव्या घालेल.

— ताई